मेहरबान साहेबांचे सेवेशी

१७ जानेवारी १९७३

मी 'मेहरबान' खोडलं. मामंजींनी ते परत लिहिलं. मी पुन्हा खोडलं. दुपारपासून सासरा-सुनेचं बोलणं बंद आहे!

भानगड एवढीच — गल्लीत नळ येत नाही. आधी दिवसाआड यायचा, मग चौथ्या दिवशी, आता आठवडा झाला. दुष्काळ आहे, सगळ्यांनाच कमी, हे कळतं. पण शाळेत जाताना सात रस्ता चौकाच्या पलीकडे एका बंगल्यात गुलाबांना पाइप लावलेला रोज दिसतो. गुलाब टवटवीत आहेत.

सकाळी समोरची सुंदरम्मा आली. गिरणीत कामाला आहे. माहेर अक्कलकोटकडचं, चिडली की कानडीत जाते. म्हणाली, "आबासाब, येक अर्ज लिवून द्या की. तुमी सायबाच्या हापिसातलं. तुमचं आयकतील."

मामंजी काय खूश! छत्तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली — अठरा इंग्रजांची, अठरा आपली. त्यांच्या वयाचे सगळे पांढरी टोपी घालतात, मामंजी काळी. अर्ज लिहायलासुद्धा ती घालून बसले. आणि लिहिलं काय? — 'मेहरबान साहेब बहादूर यांचे हुजूर सेवेशी, ताबेदार अर्जदार यांचा विनंतीअर्ज ऐसाजे —'

साहेब बहादूर कोण, तर पाण्याच्या ऑफिसातला तो सव्वीस वर्षांचा पोरगा! त्याला मी मंडईत वांग्यांसाठी घासाघीस करताना पाहिलंय. (बाईनं कमी केले नाहीत.)

म्हटलं, "मामंजी, इंग्रज गेले."

"गेले ना. खुर्ची ठेवून गेले. अर्ज खुर्चीला असतो, सूनबाई."

मला हसू आलं, आणि हसले म्हणून अबोला.

१८ जानेवारी

अबोला संपला. चहा कोणी मागायचा हा प्रश्न होता, तो त्यांनी घसा खाकरून सोडवला.

ह्यांनी तोडगा काढला — दोन अर्ज द्या, एक मेहरबान, एक बिनमेहरबान. हे एस.टी.च्या ऑफिसात आहेत. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना गाडीत घ्यायची सवय!

माझा अर्ज असा — 'आम्ही या शहराचे नागरिक आहोत. पिण्याचे पाणी हा आमचा हक्क आहे. सात दिवसांत पुरवठा सुरळीत करावा.' मामंजींनी चष्मा लावून वाचला.

"अक्षर बरं आहे. पण हा अर्ज नव्हे, नोटीस झाली. सरकारला नोटीस द्यायची नसते. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये."

"मग पाणी मागायचं कुठून?"

"बाजूनं," म्हणाले. अगदी गंभीरपणे.

२२ जानेवारी

सातवीच्या मुलींना विचारलं, सरकार म्हणजे कोण? उत्तरं आली ती अशी — कलेक्टर. पोलीस. तलाठी. 'ज्यांच्याकडं जीप असते ते.' एक म्हणाली, 'जे रागावतात ते.' वर्गात एकूण त्रेपन्न मुली. 'आपण' असं एकीच्याही तोंडून आलं नाही. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून ऑगस्टात याच पोरींनी समूहगीत म्हटलं होतं.

घरी येऊन सांगितलं. मामंजी म्हणाले, "जीपवाली हुशार आहे. वर काढ तिला."

२६ जानेवारी

झेंडावंदन साडेसातला. प्रमुख पाहुणे आले सव्वानऊला. मुली तोवर उन्हात. पाहुण्यांसाठी सोड्याच्या बाटल्या बर्फात, मुलींना घोटभर पाणी नाही. सातवीतल्या एकीनं माझा पदर ओढला — "बाई, पुस्तकात लिहिलंय हे लोकांचे सेवक असतात. मग आपण का उभ्या?"

मी काय केलं? डोळे वटारले! "गप्प उभी राहा," म्हटलं. आणि पाहुण्यांच्या गळ्यात हार घालताना इतकी वाकले की घरी ह्यांनी विचारलं, कंबर का धरलीय?

मामंजींना हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२ फेब्रुवारी

दोन्ही अर्जांना उत्तरं आली!

माझा परत आला आहे. अर्ज विहित नमुन्यात नाही, योग्य त्या तिकिटासह पुन्हा करावा.

मामंजींचा परत आला नाही. 'आपला अर्ज पोहोचला. चौकशी चालू आहे.' खाली गोल शिक्का. मामंजींनी तो कागद सुंदरम्माला दाखवला, ह्यांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला.

"बघितलंस? तुझा परत, माझ्यावर चौकशी."

"पाणी कुठं आहे पण?"

"चौकशीच्या मागून येतं."

सुंदरम्मा आपली घागर उलटी करून त्यावर बसली होती. म्हणाली, "कागुद वल्ला करून प्यावा काय आबासाब?" मामंजीसुद्धा हसले. थोडे.

९ फेब्रुवारी

चौकशी आली. जीपमधून!

आज पहाटे पाचला नळ आला, म्हणजे काय, धो धो आला. गल्ली वेडी झाली. बादल्या, पातेली, पाळणा सोडून सगळं भरलं. दहा वाजता जीप आली तेव्हाही नळ वाहतच होता. साहेबांनी नळाकडे बघितलं, वहीत लिहिलं — पाणीपुरवठा समाधानकारक.

मामंजी कोट-टोपी घालून खुर्ची घेऊन दारात. साहेब संकोचले, म्हणाले, "आजोबा, तुम्हीच बसा हो." मामंजी बसेनात. मग साहेबही बसेनात. खुर्ची मध्ये रिकामी, दोघे दोन बाजूंना उभे! मला त्या पोराची दयाच आली. वाईट माणूस नाही. कुणीतरी त्याला वही दिली आणि कुणीतरी त्याच्यासाठी नळ सोडला.

सुंदरम्मा पुढे झाली. "सायेब, हे आजच आलंय. तुमी येनार म्हनून." साहेबांनी मामंजींकडे पाहिलं — खरं का? म्हणून. मामंजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "आपली मेहरबानी."

साडेदहाला नळ गेला.

१० फेब्रुवारी

मामंजी जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

१४ फेब्रुवारी

बायकांचं ठरलं. वीस तारखेला रिकाम्या घागरी घेऊन पाण्याच्या ऑफिसावर मोर्चा. सुंदरम्मा मला म्हणाली, "बाई, तुमी म्होरं ऱ्हावा. आमी वरडू, पन बोलायला शिकल्यालं मानूस पायजे की." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, आणि मग चहा उकळेपर्यंत घाबरले. माझी नोकरी अजून कायम व्हायचीय, जूनमध्ये ऑर्डर निघेल. मोर्च्यात नाव लागलं तर?

मामंजींना संध्याकाळी अंगणात सांगितलं. वाटलं, घोड्याची म्हण येईल. आली नाही. हातातली तांदळाची ताटली खाली ठेवली.

"तू वैरागची. तुला हे गाव माहीत नाही."

आणि सांगू लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आठवेल तसं लिहिते.

सन तीस, मे महिना. गावात जमावावर गोळीबार होऊन मार्शल लॉ लागलेला. मामंजी वीस वर्षांचे, कचेरीत लागून एकच वर्ष झालेलं. रस्त्यात पांढरी टोपी दिसली की शिपाई काठीनं उडवायचे. मामंजींची उडवली, गटारात पडली. उचलायला वाकले तर शिपाई म्हणाला, आधी सलाम कर. केला. दुसऱ्या दिवशी काळी टोपी घेतली.

मी आजवर त्या टोपीची किती थट्टा केली!

"टोपीचं काही नाही गं," म्हणाले. "धरून आणलेल्यांची यादी करायची होती. माझं अक्षर चांगलं. बसवलं मला. जमादार नावं सांगायचा, मी लिहायचो. सतरावं नाव शिवप्पाचं आलं. आमच्या शेजारचा, माझ्याच बाकावर बसलेला. तो जमावात नव्हताच. त्या दिवशी माझ्या आईला ताप होता, आणि हा आमच्या घरी पाणी भरत होता. मला माहीत होतं. मी लिहिलं. काना-मात्रेची चूक नाही."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"साहेबानं कागद उचलून बघितला. 'गुड हँड' म्हणाला. त्या गुडवर मी नोकरी काढली, सूनबाई."

शिवप्पाला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. खोकत परत आला. पुढे चार वर्षं जगला. रस्त्यात दिसला की मामंजी गल्ली बदलायचे. "तो हाक मारायचा," म्हणाले. "तोच मारायचा."

मी म्हटलं, "मी तरी जाणार आहे, मामंजी." त्यांनी ताटली उचलली, खडे निवडायला लागले. निवडता निवडता म्हणाले, "जाशील. पण उन्हातून जाताना डोक्यावर पदर घे."

१९ फेब्रुवारी

जमावबंदीचा हुकूम लागला. पाच माणसं एकत्र नकोत. मामंजींनी पेपरात वाचला, दोनदा वाचला. म्हणाले, "मजकूर तोच! मी याच्या किती नकला केल्यात. सही तेवढी मराठीत आलीय."

हे म्हणाले, "मग उद्याचं रद्द का?" सुंदरम्मा म्हणाली, आमी चारचार जनी जाऊ. मागंम्होरं. सरकारला मोजता येतं तर आमालाबी येतं!

२० फेब्रुवारी

हात दुखतोय, पण लिहिणारच.

शाळेत पोट दुखतं म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. (हक्कांसाठी लढायला जाणारी नागरिक! खोटं बोलून!) बेचाळीस बायका होतो. चारचारचे गट पहिल्या कोपऱ्यापर्यंत टिकले, मग घागरी एकमेकींना लागायला लागल्या आणि झाला मोर्चा. सुंदरम्मा ओरडायची, "पानी द्या, न्हाय तर खुर्ची द्या!" आणि बायका घागरीवर चमचे वाजवायच्या. मीही ओरडले. पहिल्यांदा आवाज निघेना, मग असा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. काय बरं वाटलं!

ऑफिसच्या फाटकाशी पोलीस. साहेब बाहेर आलेच नाहीत. खिडकीचा पडदा हलला. मग गाडी आली, आम्हाला चढवलं, घागरींसकट. मारझोड नाही, काही नाही. चौकीच्या आवारात बसवलं. आणि तिथे पाण्याचे दोन मोठे रांजण, काठोकाठ! आधी सगळ्या पोटभर पाणी प्यायल्या. गल्लीतल्या रंभाबाईंनी तर घागरही भरून घेतली. हवालदार बघतच राहिला.

नावं लिहायला तो बसला खरा, पण कानडी आडनावांपुढे त्याचं पेन अडलं. सहा बायकांत कागद खराब केला. तेवढ्यात फाटकातून मामंजी. कोट, काळी टोपी, छत्री. मला न्यायला आलेले.

फौजदार तरुण होता, पण त्याचे वडील मामंजींच्याच कचेरीत होते. उठून उभा राहिला. "या या, आबासाहेब! वडील नेहमी म्हणायचे, अक्षर बघावं तर तुमचं. एवढी यादी करून देता का? आमचा हवालदार म्हणजे —"

मी मामंजींकडे बघूच शकले नाही. जमिनीकडे बघत राहिले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बसले. खिशातून स्वतःचं पेन काढलं.

"पयलं माजं लिवा," सुंदरम्मा म्हणाली. "सुंदरम्मा मल्लप्पा —"

"तुझं दुसरं," मामंजी म्हणाले, आणि मोठ्यानं उच्चारत लिहिलं — "एक. आबासाहेब. वय बासष्ट. सरकारी पेन्शनर."

फौजदार हसला. "अहो, तुम्ही मोर्च्यात कुठं होता?"

"यादी मी करतोय ना? मग ती बरोबरच असणार. आजवर असंच चालत आलंय."

फौजदाराचं हसू गेलं. पुढे मामंजींनी एकेकीला समोर बोलावून नाव विचारलं. घाई नाही. "नीट सांग बाई, नवऱ्याचं नाव काय? ळ की ल? एकही नाव चुकता कामा नये." बायका लग्नात उखाणा घ्यावा तशा लाजत, हसत नावं सांगत होत्या. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे बघितलं. "तुझं मला माहीत आहे," म्हणाले, खाली वाकून आणखी काही खरडलं आणि कागद पुढे केला. फौजदारानं आवारातल्या बायका मोजल्या, कागदावरचे आकडे मोजले. बेचाळीस, बेचाळीस. सही ठोकली. बारा मार्चला सगळ्यांनी कोर्टात हजर राहायचं.

येताना रस्त्यात एकच बोलले. "ऊन फार आहे. पदर घे म्हटलं होतं ना?"

२२ फेब्रुवारी

नळ आला! पाऊण तास! नळ खात्याचं पत्रही आलं — 'आपल्या दिनांक १८ जानेवारीच्या विनंतीअर्जास अनुसरून'!

म्हणजे मामंजींच्या! मोर्च्याचं नावही नाही. मामंजी पत्र डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "बघ. चौकशीच्या मागून आलं की नाही?" आणि मग आम्ही दोघं इतकं हसलो की हे आतून धावत आले.

सुंदरम्माला वाचून दाखवलं. ती कानडीत जे म्हणाली ते मी विचारलं नाही.

३ मार्च

शाळेत कुणालाच काही कळलेलं नाही. हेडबाई रोज हसून बोलतात. नवलच आहे.

कोर्टात बोलायचं भाषण लिहून काढलं. अडीच पानं. 'महोदय, ज्या कायद्याने परक्यांनी आम्हाला गप्प केले —' अशी सुरुवात. आरशासमोर म्हणून बघितलं. हे दाढी करत होते, म्हणाले, "सुंदर आहे, पण आरसा मोकळा कर."

मामंजींना वाचून दाखवायला गेले तर म्हणाले, नंतर. कोट इस्त्रीला टाकायचा होता त्यांना.

१२ मार्च

कोर्टात नावं पुकारली. एक — आबासाहेब. मग सुंदरम्मा. मग सगळ्या. मी भाषणाचा कागद मुठीत धरून उभी होते. बेचाळिसावं नाव झालं, कारकुनानं कागद मिटला. माझं नावच नव्हतं. माझ्या जागी मामंजी स्वतः होते.

गुन्हा कबूल का, विचारलं. मामंजी "होय" म्हणाले, केवढ्यानं! सगळ्यांना कोर्ट उठेपर्यंतची कैद. बाकावर टोपी मांडीत घेऊन बसले.

एक पाऊल पुढे टाकून 'मीही होते' म्हणायचं, एवढंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली — नको. पण मी त्यांच्या मानेमुळे थांबले असं लिहिलं तर खोटं होईल. मला जून दिसत होता. मी गप्प राहिले.

बाहेर आल्यावर सुंदरम्मानं माझा हात धरला. "बरं झालं बाई. तुमची नोकरी ऱ्हायली." टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाली.